गोजरबाईच्या वाटेचा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि मी देव नाही! हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण गेली कित्येक वर्षं हे ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि तोंडावर होता जाड शेंदूर. बोलणार कसा?

माझा जन्म राजूरकडच्या एका खाणीतला. काळाकुळकुळीत, घट्ट, कुठे चीर नाही. कडूबा नावाच्या पाथरवटानं मला बैलगाडीतून भोकरदनला आणलं, ते पाटा करायला. हो, मसाला वाटायचा पाटा! मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिरच्या आणि लसूण खात म्हातारा झालो असतो. पण कडूबाची छन्नी माझ्यावर पडायच्या आधीच मागच्या वस्तीतली चार माणसं त्याच्याकडं आली आणि म्हणाली, "कडूबा, पाटा राहू दे. ह्या दगडावर नाव काढ. गोजरबाईचं."

आता ही गोजरबाई कोण, ते नीट ऐका. सगळी गोष्ट तिचीच आहे, मी नुसता तिचा निरोप्या.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मागच्या वस्तीला बाजारात यायला सरळ रस्ताच नव्हता. मध्ये गोजरबाईच्या घराण्याचा गोठा आणि त्याची लांबलचक भिंत. लोक ओढ्यातून वळसा घालून यायचे. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात ओढा कंबरेला लागायचा. एका आषाढात वस्तीतला एक म्हातारा वारला आणि ओढ्याला पूर आला. मयत दिवसभर घरातच पडून राहिली. गोठ्यातून न्यावी म्हणून लोक हात जोडून आले, तर गोजरबाईच्या दिरानं दाराला कडी घातली. गोजरबाई विधवा, घरात तिला बोलायची मुभा नव्हती. ती भिंतीच्या अलीकडे बसून दिवसभर पलीकडचं रडणं ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहार घेतली आणि भिंत पाडायला सुरुवात केली.

दीर धावत आला. "वैनी, येड लागलं का?"

"लागलं," गोजरबाई म्हणाली. "तुमाला बी थोडं लागू द्या, बरं असतंय."

"भिंत घराण्याची हाये!"

"गोठा मह्या हिश्श्याचा हाये. म्या पाडून राह्यले. बाजूला व्हा, न्हाई तर पायावर पडंल."

दिरानं भिंत पुन्हा बांधली. तिनं पुन्हा पाडली. मग मात्र तिनं त्या भगदाडात आपली बाज टाकली आणि तिथंच राहू लागली. तिथंच भाकरी, तिथंच झोप, तिथंच दात घासायची मिसरी. जो गवंडी विटा घेऊन येईल त्याला अशा शिव्या, की गवंडी विटा टाकून पळायचा! पाऊस संपला, दिवाळी आली, आणि दीर थकला. त्या भगदाडातून आधी माणसं गेली, मग बैलगाड्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी पोळ्याला मागच्या वस्तीचे बैल पहिल्यांदाच सरळ वाजतगाजत वेशीपर्यंत गेले.

तर अशी बाई. तिचं नाव माझ्या छातीवर! कडूबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी खडूनं अक्षरं काढून दिली आणि त्यानं ती कोरली. मास्तरांनी अक्षरं एवढी मोठी काढली, की वरच्या ओळीत 'गोजरबाई' एवढंच मावलं. 'ची वाट' हे खाली, दुसऱ्या ओळीत गेलं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, दोन ओळी म्हणजे दुप्पट रुबाब.

मला वाटेच्या तोंडाशी उभं केलं त्या दिवशी गोजरबाई बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाये?" मास्तरांनी दाखवलं. ती म्हणाली, "मंग ठीक हाये. नीट उभा राह्य रे दगडा." बस, एवढंच. तेव्हापासून मी नीट उभा आहे.

काय दिवस होते ते! भोकरदनच्या स्टँडवर कुणी पत्ता विचारला की लोक सांगायचे, "गोजरबाईच्या वाटेनं जा." वराती माझ्यासमोर थांबायच्या. पोरं माझ्यावर चढून आंबे खायची. बाया माझ्या कडेवर विळे घासायच्या, आणि गोजरबाई लांबून ओरडायची, "अगं, त्यो नाव सांगायला उभा हाये, धार लावायला न्हाई!"

मग ती गेली. तिच्या घरची माणसं कुणी जालन्याला, कुणी संभाजीनगरला नोकरीला गेली. आणि रस्ता वाढायला लागला. लांबीला नव्हे, उंचीला! आधी मुरूम पडला. त्यावर खडी. त्यावर डांबर. मग सिमेंट. दर वेळी रस्ता वर आणि मी खाली. माझी दुसरी ओळ, गळ्यापर्यंत पाणी आलेल्या माणसासारखी, हळूहळू बुडाली. 'ची वाट' जमिनीत गेलं आणि वर राहिलं नुसतं 'गोजरबाई'.

तरी ठीक होतं. पण एक दिवस मालानं भरलेला टेम्पो उतारावर मागे घसरला आणि येऊन माझ्यावर टेकला. माझ्यामुळे थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हर बाहेरगावचा. तो खाली उतरला, त्यानं माझ्यावरचं नाव वाचलं आणि तो गुडघ्यावर बसला. "गोजराई माते, तू वाचवलंस!"

गोजरबाईची एका दमात गोजराई माता? अहो, मी बेसाल्ट आहे! टेम्पो अडवणं हा आमचा स्वभावच आहे!

पण दुसऱ्या दिवशी तो तेल आणि शेंदूर घेऊन आला. मग कुणी खण आणला, कुणी बांगड्या. शेंदरावर शेंदूर चढत गेला. अक्षरं आधी अंधुक झाली, मग भरली, मग गेली. समोर हार्डवेअरचं दुकान असलेले अप्पाराव रोज शटर वर करायच्या आधी मला नमस्कार करू लागले. धंदा चांगला चालला आणि श्रेय मला मिळालं. मागच्या वस्तीतली राजनंदिनी नावाची नववीतली मुलगी सायकल थांबवून मला सांगायची, "गोजराई माते, बीजगणिताचा पेपर सोपा येऊ दे गं." मित्रांनो, मला बीजगणित येत नाही! मला एकच गोष्ट येत होती, एक नाव सांगणं. तीच कुणी विचारत नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीत अप्पारावांनी ठरवलं, की गोजराईचं देऊळ बांधायचं. मोठा चौथरा, वर कमान, मला चांदीचा मुखवटा. देऊळ कुठे? जिथे मी उभा होतो तिथेच. वाटेच्या तोंडात!

"टू-व्हीलर जाईल की बाजूनं," अप्पाराव सगळ्यांना सांगत होते. टू-व्हीलर जाईल, पण पाण्याचा टँकर? मार्चपासून मागच्या वस्तीचं पाणी याच वाटेनं येतं. राजनंदिनीची आई वंदना दबक्या आवाजात शेजारणीला म्हणाली, "टँकर कुठून आणायचा गं मंग? डोक्यावर घागरी घेऊन चौकापर्यंत यायचं का पुन्हा?" शेजारीण म्हणाली, "हळू बोल. देवीचं काम हाये." आणि सगळी वस्ती गप्प बसली. मला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग आला. जिनं गप्प बसायला नकार दिला, तिच्याच नावानं माणसं गप्प बसली होती!

कामाचा दिवस आला. रीत अशी, की देवाला नव्या चौथऱ्यावर बसवायच्या आधी जुन्या शेंदराची खोळ उतरवायची, ती नदीत सोडायची आणि मग नवा शेंदूर लावायचा. बाया कोमट तेल घेऊन बसल्या. तेल मुरलं, आणि एका जाड पापुद्र्यासारखी ती खोळ माझ्या अंगावरून सुटली. अहाहा! कितीतरी वर्षांनी छातीला वारा लागला. आणि 'गोजरबाई' ही अक्षरं उघडी पडली.

"बघा! देवीनं नाव दाखवलं!" अप्पारावांनी हात जोडले.

मग गवंड्यांनी मला वर उचलायला खणायला घेतलं. सिमेंट फुटलं, डांबर निघालं, खडी निघाली. राजनंदिनी शाळेचा गणवेश घालून बघत उभी होती. ती एकदम खाली वाकली, ओढणीनं माती पुसली आणि मोठ्यानं वाचलं.

"ची... वाट. गोजरबाईची वाट! अप्पाराव काका, देवीची वाट असते का?"

"असंल. देवीला काय न्हाई?"

"मंग आधी कोणी तरी सांगा, गोजरबाई कोण ते. तोवर कुदळ थांबवा."

"देवीच्या कामात आडवं येऊ न्हाई, पोरी."

"मी आडवी येऊन न्हाई राह्यले, काका. चौथरा आडवा येऊन राह्यलाय!"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. वंदनानं पोरीचा दंड ओढला, पण पोरगी काही हलली नाही. तेवढ्यात मागून रामप्रसाद नावाचे म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "गोजरबाई म्हंजे त्या गोठेवाल्यांची तर न्हाई? त्यांची एक नात पिंपळगाव रेणुकाईला दिलेली हाये. बेबीनंदा. मह्याकडं नंबर हाये तिचा."

राजनंदिनीनं तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी गल्ली कान देऊन उभी.

"कोण बोलून राह्यलं?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"आज्जी, मी राजनंदिनी. भोकरदनहून. इथं गोजराई मातेचं देऊळ बांधून राह्यलेत..."

"कोणाचं?"

"गोजराई मातेचं. दगडावर गोजरबाईची वाट लिहिलंय."

पलीकडून असं हसू फुटलं, की फोन फुटतो की काय!

"अगं, ती मही आजी! माता कशाची? मिसरी लावून दिवसभर शिव्या द्यायची! शेंदूर लावायला कोणी गेलं असतं, तर हात मोडून ठेवला असता तिनं!" मग आवाज बदलला. "आणि वाट म्हंजे, भिंत पाडून काढलेली वाट. सख्ख्या दिराशी भांडून. बाज टाकून बसली होती तिथं. पोरी, एक सांग, देऊळ कुठं बांधून राह्यलेत?"

"वाटेच्या तोंडात, आज्जी."

"म्हंजे वाट बंद?"

अप्पाराव फोनजवळ सरकले. "बाई, मी अप्पाराव. आमची श्रद्धा हाये. मह्या दुकानाची बरकत सगळी तिच्यामुळं."

"बराबर हाये," बेबीनंदा म्हणाली. "वाट चालती हाये म्हणून गिऱ्हाईक येतंय तुमच्याकडं. बंद करून बघा बरकत."

आता मात्र सगळी गल्ली हसली. अप्पाराव लालबुंद झाले. मला वाटलं, झालं, आता भांडण. तेवढ्यात वंदना, तीच दबक्या आवाजाची वंदना, पुढे आली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, चौथरा झाला तर आमचा टँकर येत न्हाई. मी आधीच बोलायला पायजे होतं. आता बोलून राह्यले."

तिच्या मागे शेजारीण येऊन उभी राहिली. मग तिच्या मागे आणखी बाया.

अप्पारावांनी खड्ड्याशी वाकून माझ्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. वाईट माणूस नाही तो. त्यांनी गवंड्याला विचारलं, "दगड मह्या दुकानाच्या भिंतीला लावून उभा करता येईल का? पूर्ण वर काढून. दोन्ही ओळी दिसल्या पायजेत."

मी आता तिथेच उभा आहे. दोन्ही ओळी बाहेर, वाट मोकळी. मार्च लागलाय, सकाळी टँकर हॉर्न वाजवत माझ्या अंगाला चाटून जातो आणि मला जाम आवडतं ते.

मित्रांनो, तुमच्याही गावात गल्ल्या असतील, चौक असतील. त्यांच्या पाट्यांवर जी नावं आहेत ना, ती कधीतरी जेवली, भांडली, हरली, उठली, अशा माणसांची आहेत. त्यांना हार घालून गप्प करू नका. पाटीवर जाहिरात चिकटवू नका, तिच्यापुढे गाडी लावू नका, आणि ती जमिनीत बुडत असेल तर दोन मोठ्या माणसांच्या मागे लागून वर काढा. आणि घरात कुणी म्हातारं असेल तर आजच विचारा, "हे कोण होतं?" उद्या नको. आजच.

अप्पाराव अजूनही शटर वर करायच्या आधी माझ्यासमोर हात जोडतात. सवय आहे, जाणार कशी? पण राजनंदिनी शाळेला जाताना त्यांना गाठतेच. सायकलवरून पाय टेकवते आणि दरडावते, "काका, आधी वाचा, मंग पाया पडा!"

आणि अप्पाराव चष्मा लावून मोठ्यानं वाचतात.