खरवडीचा मान

मी एक जुना कालथा आहे. मित्रांनो, चमच्यांच्या खणात तुम्ही मला पाहिले असेल आणि बाजूला सारून दुसरेच काहीतरी उचलले असेल. माझी एक कड झिजून तिरकी झाली आहे, दांडा काळा पडला आहे. पण कालपासून माझ्या अंगाची नुसती लाही लाही होते आहे. माझ्या बाईला जाऊन वर्ष झाले, म्हणून काल घरची सगळी माणसे जेवायला जमली होती. तिच्याविषयी खूप चांगले चांगले बोलली. त्यातले निम्मे खोटे होते, आणि ते खोटे आहे हे ठाऊक असलेला त्या घरात मी एकटाच होतो.

लोहाराने मला मोटारीच्या तुटक्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यातून घडवले. बाई नवी नवरी होती, एकोणीस वर्षांची. तिने दोन कालथे हातात तोलून पाहिले आणि मला निवडले. लोहार म्हणाला, "न्या बिनधास्त. तुमच्यामागेही टिकेल हा." मेल्याचे बोलणे खरे झाले.

आमचे घर म्हणजे घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली बाईचा नवरा डोळ्याला भिंग लावून बसे आणि वर सात माणसे जेवत. लग्नानंतर चौथ्याच दिवशी, नव्या शेगडीचा अंदाज न आल्याने भात खाली लागला. बाई घाबरली. वरचा मोकळा भात तिने सगळ्यांना वाढला आणि तळाची करपलेली खरवड माझ्या कडेने खरडून गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली. सासूबाईंनी ते पाहिले.

"हे काय ग? तुला खरवड आवडते वाटतं?"

आता ती काय सांगणार? भात करपला म्हणायचे की मला वाढायला उरला नाही म्हणायचे? लाजून म्हणाली, "हो."

झाले! त्या एका 'हो'ने माझ्या बाईचे पुढच्या साठ वर्षांचे जेवण ठरून गेले. सुनेला खरवड आवडते, ही बातमी घरभर झाली, मग जिन्याने खाली उतरली. शेजारणीने तर कहर केला. स्वतःच्या पातेल्याचा तळ वाटीत भरून आणून द्यायची. "तुमच्यासाठी मुद्दाम ठेवली हो!" म्हणजे भांडे घासायचे कष्ट वाचले आणि वर उपकारही झाले. बाई हसून वाटी घ्यायची आणि रिकामी करून, धुऊन परत द्यायची. मला अशी चीड यायची म्हणून सांगू! पण कालथ्याला तोंड कुठे असते?

तिचे दिवस कसे गेले ते मी पाहिले आहे. सकाळी सात जणांचा स्वयंपाक करून ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जाई आणि चार वाजेपर्यंत चादरींना इस्त्री करी. सव्वीस वर्षे केली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा त्यांना घास भरवला. नवऱ्याची नजर गेली, तेव्हा दुकान चालवले. दोन मुले आणि एक मुलगी शिकवली. घरात सगळे म्हणत, "आई आहे म्हणून आपण आहोत." हे म्हणता म्हणता ताट पुढे करत. तिचे ताट शेवटी, आणि त्यात काय, हे तुम्हाला आता सांगायला नको.

पुढे घरात विजेचा कुकर आला. त्यात भात लागतच नाही! मला खणात टाकून दिले, पण खरे सांगतो, मला आनंद झाला. सुटली बिचारी, असे वाटले. आठवडाही झाला नसेल, तर थोरला मुलगा बायकोला म्हणाला, "अगं, आईची पंचाईत झालीये. तिची खरवड बंद झाली. जुन्या पातेल्यातच करत जा भात, थोडा खाली लागू दे मुद्दाम." किती ही माया! मला परत बाहेर काढले गेले.

एकदाच, फक्त एकदाच, वेगळे घडले. सगळे लग्नाला परगावी गेले होते. गुडघा धरला म्हणून बाई मागे राहिली. तिने मूठभर तांदूळ मंद आचेवर ठेवले आणि शेजारी बसून राहिली. एक शीत करपले नाही. मग पातेल्याच्या मधला वाफाळता भात तिने ताटात घेतला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि सावकाश जेवली. "अगंबाई," ती स्वतःशीच म्हणाली, "असा लागतो होय!" मग तिने ताट धुऊन जागच्या जागी ठेवले. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही.

आणि काल हा थोरला उभा राहून काय म्हणतो? "आईला कधी कशाची हौसच नव्हती. तिचा जीव कशात, तर खरवडीत! म्हणून आज तिची आठवण म्हणून आपण सगळे खरवड खाणार." वरातीमागून घोडे, आणि तेही करपलेले. त्याच्या बायकोने माझ्याच कडेने तळ खरडून प्रत्येकाच्या ताटात एकेक तुकडा ठेवला.

सगळ्यांनी तोंडात टाकला. नातीने थुंकला. धाकटा पाणी प्यायला. थोरला बराच वेळ चावत राहिला.

"आज जास्तच करपली का गं?"

"नाही," त्याची बायको म्हणाली. "रोज एवढीच असायची."

"मग आईला कशी काय आवडायची?"

"तू कधी विचारलं होतंस तिला?" बाईच्या मुलीने त्याला विचारले.

"तू विचारलं होतंस?" थोरला उलटून म्हणाला.

मला वाटले, चला, उशिरा का होईना, घासाने जे कळायचे ते कळले. तेवढ्यात थोरल्याने तोंड पुसले, पातेले बायकोकडे सरकवले आणि सहज म्हणाला, "उरलेली तू घे. आईनंतर हा मान तुझाच."

तिने मला उचलले. तिची पकड मला जाणवली. उरलेली सगळी खरवड तिने काढली आणि नवऱ्याच्या ताटात वाढली.

"मला आवडत नाही," ती म्हणाली. "संपवा तुम्ही."

मित्रांनो, साठ वर्षे मी त्या घरात आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले. थोरल्याने मान खाली घालून सगळी खरवड संपवली, आणि खाता खाता त्याचे डोळे भरून आले. मला त्याची दया आली नाही.

तुमच्याही घरात कोणीतरी शेवटी जेवत असेल. तिची स्तुती करू नका, ती पुष्कळ झाली. तिला विचारा, आणि ती "हो, मला आवडतं" म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका. आधी तिच्या ताटातला एक घास खाऊन बघा.