हातगुण

त्या घरात सुनेला काडीची किंमत नव्हती. तिच्या उजव्या अंगठ्याला मात्र अख्खी गल्ली मान देत असे.

सून काज करायची. शर्टांच्या दुकानातून शिवून आलेल्या शर्टांना बटणांची भोकं पाडायची, त्यांच्या कडा दोऱ्याने गुंफायच्या आणि समोर बटणं टाकायची, असं ते काम. सुई बोटांत असली तरी तिला कापडातून ढकलतो तो अंगठा. त्या रविवारी सकाळी ती नेहमीसारखी खिडकीच्या उजेडात, शिलाई मशीनशेजारी बसली होती. मांडीवर पांढरा शर्ट होता आणि शेजारी तिची मुलगी बटणं निवडत होती. मुलीला सगळे पिटुकली म्हणत. चार भोकांची बटणं एका वाटीत, दोन भोकांची दुसऱ्या वाटीत, असा तिचा स्वतंत्र कारभार चालू होता. सासू दाराजवळच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखी कुटुंब आहे. बाहेरून बघणाऱ्यांना ते नेहमीच तसं वाटत होतं.

नवरा टायरच्या दुकानात मालकाच्या खालोखाल होता. शाळेत असताना तो क्रिकेट संघाचा कप्तान होता, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. त्याच्या संघाने एकही सामना जिंकला नव्हता. ते लोक विसरले, नाव राहिलं.

कॅप्टनच्या फोनवर एक खेळ होता. पडद्याच्या तळाशी एक फलंदाज उभा असे. तो चेंडू फटकावी आणि चेंडू वर, वर, ढगांच्याही वर जाई. चेंडूबरोबर एक आकडा वाढत जाई. आधी पैसे लावायचे आणि चेंडू पडायच्या आत ‘घ्या’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. आकडा दोन असताना दाबलं तर पैसे दुप्पट, दहा असताना दाबलं तर दसपट. दाबायच्या आत चेंडू पडला, तर पैसे गेले. तो कधी पडेल हे कुणालाच माहीत नसे. त्या फलंदाजाला कुणी बाद करू शकत नसे. बाद व्हायची सगळी सोय खेळणाऱ्यासाठी केलेली होती. जाहिरातीत एक देखणा माणूस हसत हसत ‘जबाबदारीने खेळा’ असं सांगत असे, ते मात्र इतक्या घाईने, की जणू मागे त्याची गाडी सुटत होती.

अंगठ्याचा शोध लागला तो जेवताना. कॅप्टनचा हात खरकटा होता, चेंडू वर चालला होता, म्हणून त्याने बायकोला दाबायला सांगितलं. तिने दाबलं आणि पुढच्याच क्षणी चेंडू कोसळला. पैसे आठपट झाले. सासू कौतुकाने म्हणाली, हिला हातगुण आहे हो. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या तोंडून सुनेने ऐकलेला हा पहिला चांगला शब्द. तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. भांडी घासताना तिने तो अंगठा एकदा उलटसुलट करून बघितलासुद्धा.

त्यानंतर तिला सुई खाली ठेवून दर डावाला उठावं लागू लागलं. मग शेजारचा वायरमन आपला फोन घेऊन आला, वहिनी, आमचं पण एक. मग वरच्या मजल्यावरचे सर आले. सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. हा खेळ खेळणारा प्रत्येक माणूस शेवटी हरतोच, आणि बटण कुणाच्या अंगठ्याने दाबलं याचा निकालाशी काडीचा संबंध नाही, हे ते इतकं सुरेख समजावून सांगत, की वायरमनलाही पटे. समजावून झालं की चहा संपवत आणि फोन पुढे करत.

जिंकलं की कॅप्टनचं डोकं आणि हरलं की बायकोचा अंगठा, असा हिशेब ठरून गेला. लवकर दाबलं तर थोबाडीत, उशिरा दाबलं तर पट्टा. एकदा चेंडू उडताक्षणीच पडला. त्यात कुणाचाच अंगठा पोचला नसता, पण कॅप्टनने तिचीच कात्री उचलून तिला फेकून मारली. खांद्याला लागली. तिने आधी मांडीवरचा शर्ट बाजूला केला, कारण रक्ताचा डाग पडला तर दुकानवाला शर्टाचे पैसे कापून घेतो. आणि मग खांद्याकडे बघितलं. असं काही सुरू झालं की सर उठून वर जात. घरगुती बाबतीत पडू नये, एवढा सुसंस्कृतपणा त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत खाली येत.

सासू मारत नसे. ती हळदीचा लेप लावून देई आणि म्हणे, अगं, जरा नीट लक्ष देऊन दाबत जा ना.

तर त्या रविवारी मालक परगावी होता. गिऱ्हाइकांनी टायरचे दिलेले पैसे कॅप्टनच्या फोनवर जमा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी मालकाकडे जायचे होते. कॅप्टनने ते सगळे एका फटक्यावर लावले. वायरमन आणि सर खुर्च्या ओढून बसले. फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला होता.

“पंचविसाच्या आत हात लावायचा नाही,” कॅप्टन बायकोला म्हणाला. “मी सांगेन तेव्हाच.”

तिला ते पैसे कुणाचे आहेत हे माहीत होतं. ते बुडाले तर नवऱ्याची नोकरी जाणार आणि नवरा दिवसभर घरी बसणार, हेही कळत होतं. तिने मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं. फलंदाजाने बॅट फिरवली. आकडा दोन झाला आणि तिने दाबलं.

पैसे दुप्पट झाले. मालकाचे मालकाला देऊन तेवढेच घरात उरणार होते. शहाणं घर असतं तर गोड काहीतरी केलं असतं.

पण चेंडू पडला नाही. ‘घ्या’ दाबल्यावरही तो वर जाताना दिसत राहतो. आपण काय गमावलं हे माणसाला कळावं, एवढी काळजी खेळ बनवणाऱ्यांनी घेतलेली असते. पाच झाले. नऊ झाले. वायरमन हळूच म्हणाला, अरेरे. सतरा. कॅप्टनने बायकोचे केस धरले, पण नजर फोनवरच होती. पंचवीस. त्याने तिचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं. वाट्या कलंडल्या, बटणं फरशीभर झाली. तेहतीस.

“दोनावर?” तो म्हणाला. “दोनावर दाबलंस?”

सर पुढे वाकून आकड्याकडे बघत होते. आजवर इतका उंच गेला नाही, असं ते कुणाला तरी सांगत होते. चाळीस झाले तेव्हा कॅप्टनने तिला आतल्या खोलीच्या दाराशी ओढत नेलं. तिचा उजवा हात चौकटीत धरला. ती दुसऱ्या हाताने त्याला ढकलत होती, चावली, लाथ मारली. दार लावायला एक हात पुरतो. पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून त्याने दुसऱ्यांदा लावलं, अंगाचा सगळा भार देऊन. कांडं मोडल्याचा आवाज सासूला खुर्चीत ऐकू आला. त्यानंतर किंकाळी.

चेंडू अजून वर जात होता.

दवाखान्यात कॅप्टनच घेऊन गेला. तसा तो निर्दय नव्हता, आणि अंगठा लवकर बरा होणं त्याच्या फायद्याचं होतं. सासूही बरोबर निघाली, मग मुलीला एकटी कशी ठेवायची म्हणून तीही आली. आत पडद्याआड डॉक्टरीणबाई जखम धूत होत्या. कसं झालं, असं त्यांनी विचारलं. सासू म्हणाली, दारात सापडला. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहायला घेतलं. हाड चुरलंय, त्या म्हणाल्या, जुळेल, पण या अंगठ्यात पुन्हा जोर येईल असं काही सांगता येत नाही. शिवणकाम तर विसराच.

सुनेने मान वळवली. पडदा अर्धवट सरकलेला होता. बाहेर बाकावर कॅप्टन बसला होता आणि त्याच्या मांडीवर पिटुकली होती. तिच्या हातात फोन होता. वॉर्डातला एक झाडूवाला झाडू टेकून बघत उभा होता.

“आता नाही, आता नाही,” कॅप्टन तिच्या कानाशी म्हणत होता. “बघ हं... दाब.”

पिटुकलीने दाबलं आणि टाळ्या पिटल्या. झाडूवाला हसला. कॅप्टनने मुलीचा अंगठा दोन बोटांत धरून वर केला आणि म्हणाला, आईवर गेलाय.

“बाई, ते खोडा,” सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं.

“सापडला नाही. माझ्या नवऱ्याने हात चौकटीत धरला आणि दार लावलं. दोनदा. तसं लिहा.”

सासूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. जुनी जखम तिथेच होती. अगं, रागाच्या भरात झालं, ती म्हणाली, घर मोडेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागेल, मागाहून बदलता येणार नाही.

“कळवा. आणि आधी माझ्या मुलीला त्याच्या मांडीवरून उठवून इकडे आणा.”

दवाखान्याच्या फाटकावर चौकी होती, तिथला हवालदार आला. कॅप्टनने त्याला फोनवरचे दुप्पट झालेले पैसे दाखवले. “साहेब, मी हरलो असतो तर गोष्ट वेगळी. मी जिंकलोय. जिंकलेला माणूस बायकोला कशाला मारेल?”

हवालदाराला या बोलण्यात दम वाटला. त्याने सासूकडे बघितलं. सासू बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. तिच्यासमोर पिटुकली आईला बिलगून उभी होती आणि आईने डाव्या हाताने तिचा अंगठा आपल्या मुठीत झाकून घेतला होता.

“तो जिंकला होता, हे खरंय,” सासू म्हणाली. “जिंकल्यावरच त्याने दार लावलं. मी समोर होते.”

कॅप्टनला चौकीत बसवून ठेवलं. सून मुलीला घेऊन बहिणीच्या घरी गेली. हाताचं प्लास्टर सुटल्यावरही सुई धरता येणार नव्हती, पुढे काय खायचं हे ठाऊक नव्हतं. पण परत जाणार का, असं बहिणीने विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली, आणि बहिणीने पुन्हा विचारलं नाही.

दुपारी हवालदार कॅप्टनच्या घरी आला. साक्षीदार लागतात. वायरमन आणि सर टेबलाशीच सापडले. अर्धवट राहिलेलं काहीतरी दोघं फोनवर पूर्ण करत होते. बाई दाराशी होती तेव्हा तुम्ही काय बघितलं, असं हवालदाराने विचारलं. दोघांनी काहीच बघितलं नव्हतं. आम्ही फोनकडे बघत होतो, ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

“बरं, ती ओरडली ते तरी ऐकलंत? किती वाजले होते?”

सरांनी डोळे बारीक करून आठवलं. माणूस मुळात अचूकतेचा.

“वेळ नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “पण ती ओरडली तेव्हा बासष्ट झाले होते. चौसष्टला पडला.”

हवालदार लिहून घेऊन गेला. सर टेबलाशी ओढलेल्या सासूच्या खुर्चीत बसूनच राहिले. फरशीवर बटणं तशीच विखुरलेली होती आणि सासू गुडघ्यांवर बसून ती वेचत होती. थोड्या वेळाने सरांनी घसा साफ केला. झालं ते फार वाईट झालं, ते म्हणाले. एकूण समाजच कुठे चाललाय कळत नाही. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला.

“आजी, सहज विचारतो. पिटुकली परत कधी येणार आहे?”

सासू उठली. उठायला तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“ती येणार नाही,” ती म्हणाली. “आणि ती खुर्ची माझी आहे. उठा.”