आंघोळीला गेलेला मुलगा

रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मी आणि सून पंचशील म्हणतो. ओळी त्याच पालीतल्या, फक्त तिची चाल तिकडची. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. ते म्हणून झालं की मी उठते, मुलाचा शर्ट भिजवते आणि गॅलरीत वाळत घालते. मुलगा या घरात राहत नाही.

दिलानी श्रीलंकेची. महेंद्र दुबईला हॉटेलात कामाला होता, तिथे त्यांचं जमलं. "आपल्याच धम्मातली आहे, आई," म्हणाला. अख्ख्या वर्तकनगरात मी तिला मिरवलं. मग या दिवट्याने कोपरला दुसरीसोबत बिऱ्हाड थाटलं आणि घटस्फोटाच्या कागदांवर सही कर म्हणून हिच्या मागे लागला.

सही करून मोकळी हो, असं मीच तिला म्हटलं असतं. पण भारताचं नागरिकत्व तिला मिळणार होतं ते महेंद्रची बायको म्हणून. तत्त्वतः मंजुरीचं पत्र आलं, त्यावर विसंबून तिने तिकडचं नागरिकत्व सोडून दिलं, आणि इकडचा दाखला अजून हातात नव्हता. मधेच लग्न मोडलं असतं तर पोरगी कुठल्याच देशाची उरली नसती. तिने मला एकदाच विचारलं, "आई, मग मला पाठवणार तरी कुठे?"  मला संताप आला, पोटच्या पोराचा.

पोलिसांची एक चौकशी बाकी होती. नवरा-बायको एकत्र राहतात का, ते बघणार होते. म्हणून शर्ट. म्हणून दारात त्याच्या जुन्या चपला आणि जेवताना तिसरं ताट. आधी ते नाटक होतं, मग घरालाच सवय लागली. चपला सकाळी फिरलेल्या दिसायच्या. दिलानी म्हणायची तुम्ही हलवल्या, मी म्हणायचे तू. एकदा बाथरूममधून तो खाकरल्याचं दोघींनी ऐकलं. मान वर न करता आम्ही भाजी निवडत राहिलो.

हवालदार रविवारी आला. शेजारच्या गंगुबाईंनी त्याला जिन्यातच छातीठोकपणे सांगितलं, "महेंद्र इथंच असतो की! रोज शर्ट वाळतोय, दिसत नाय काय?" मी चहा-बिस्किटं दिली.

"मिस्टर कुठेत?" त्याने दिलानीला विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"आंघोळीला गेलाय," मी म्हणाले. बाथरूमचा नळ मी आधीच सोडून ठेवला होता.

तेवढ्यात बेल वाजली. येतो येतो म्हणून कधी न येणारा महेंद्र नेमका तेव्हाच दारात उभा, हातात कागदांची फाईल. तो एक शब्द बोलला असता तरी सगळं संपलं असतं. त्याने तोंड उघडलं.

"कोण हवंय तुम्हाला?" मी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं. तो हसायला गेला आणि हसू तोंडातच राहिलं.

"महेंद्रकडे काम असेल तर नंतर या. तो आंघोळ करतोय."

त्याने खाली पाहिलं. त्याच्याच चपला. पलीकडे गॅलरीत त्याचाच शर्ट. आत नळ वाहत होता, आणि त्या पाण्याच्या आवाजात कुणीतरी खाकरलं. हवालदाराच्या तोंडात बिस्कीट होतं. दिलानी माझ्या मागे उभी होती. महेंद्र पांढराफटक पडला. कठड्याला धरून तो जिना उतरत गेला आणि मी दार लावून घेतलं.

"कोण होतं?" हवालदाराने विचारलं.

"घर चुकलं होतं त्यांचं," मी म्हणाले. 

पुढे दाखला आला. दिलानीने पेढे आणले, मूर्तीपुढे ठेवले, माझ्या पाया पडली. मग घटस्फोटावर सही करून तिने ते कागद कोपरला पाठवून दिले. त्या रविवारनंतर महेंद्र आला नाही, त्याचा फोनही नाही.

काल घर आवरताना तिने त्या चपला टाकून द्यायला उचलल्या. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं," म्हणाले. "मला आता एवढाच मुलगा उरलाय."

ती चपला जागेवर ठेवून आत गेली, आणि तीन ताटं वाढायला घेतली.