लाल गाईंचा लिलाव

वेराच्या गाई लाल, तोंडं पांढरी. हेरफर्ड जातीच्या. आणि २००८ साली ओहायोत ज्याला त्याला काळी अँगस जातीची गाय हवी होती. काळ्या जनावराला खाटीकखाने चढा भाव देत, म्हणून वळू काळा हवा, कालवडही काळीच हवी. कातडं सोलूनच काढायचं, पण भाव मात्र कातड्याच्या रंगावर! या अकलेपुढे माझ्या नागपूरच्या पशुवैद्यकीच्या डिग्रीने हात टेकले होते.

मी राहायचे ओहायोतल्याच डब्लिनला. नवरा प्रताप आयटीत आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची सोय नाही. घरात बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा वेराच्या गोठ्यात जायला लागले. पंचाहत्तरीची विधवा बाई. तिने आणि तिच्या नवऱ्याने आयुष्यभर एकच गोष्ट पाहून पैदास केली होती, स्वभाव. मारकी गाय ठेवायचीच नाही. त्या गाई नुकत्याच जन्मलेल्या वासराला परक्याला हात लावू देत. हाक मारली की मुकाट मागे येत.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा वेराने कळप विकायला काढला. गाई कुणाच्या तरी गोठ्यात जाव्यात, त्यांचा वंश चालावा, एवढंच तिला हवं होतं.

"तू पण चल ना लिलावाला," मी प्रतापला म्हटलं.

"यार मालिनी, शेवटी बीफसाठीच असतात ना त्या? एवढी इमोशनल का होतेस?"

मी एकटीच गेले.

मका महागला होता, त्यामुळे नवी गाय पोसायला घेणारे मोजकेच. जे होते त्यांनी आमच्या आधी पुकारलेल्या काळ्या कालवडी घेतल्या. आमच्या गाई आत आल्या आणि लोक कॉफी प्यायला उठले. पुकारणारा घसा फोडून सांगत होता, गाभण आहेत, गरीब आहेत. शेवटी वजनावर बोली लागली, ती खाटीकखान्याच्या दलालाची. सगळा कळप त्याने घेतला. वेराने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मला रडू आवरेना.

ट्रक लागला तर गाई फळीवर चढेनात. ड्रायव्हरने झटका देणारी विजेची काठी काढली.

"मालिनी, तू हाक मार," वेरा घाईने म्हणाली. "माझ्या गाईंना शॉक नको."

नाही कसं म्हणणार? मी ट्रकमध्ये शिरले आणि म्हटलं, "ये गं, ये." नेहमीसारख्या एकीमागून एक आल्या. सगळ्या आत आल्यावर मी बाजूच्या दाराने उतरले.

"इतकी गुणी जनावरं मी आजवर भरली नव्हती," ड्रायव्हर कडी घालत म्हणाला. "काय सुंदर पैदास केलीत, मॅडम."

वेराचा चेहरा क्षणभर फुलला. तिने त्याला थँक्यू म्हटलं.