मुरलेला गोंद

समजा, तुम्ही गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. मांडीवर दप्तर आहे, पायाशी भाजीची पिशवी. संध्याकाळ उतरत आली आहे आणि रस्ता नेमका सूर्याच्या दिशेने चालला आहे. गाडी चालवणाऱ्या आईने काचेवरची ती ऊन अडवायची झडप अर्धी खाली ओढली आहे. गाडी वळणावर येते आणि ती झडप, कोणी हात न लावता, धपकन सबंध खाली पडते. आईच्या डोळ्यांपुढे रस्त्याऐवजी राखाडी कापड.

काय कराल? ओरडाल?

आपल्या गोष्टीतली मुलगी ओरडली नाही. पट्टा ताणून ती पुढे झेपावली आणि तिने झडप हाताने वर ढकलली. त्याच क्षणी आईने ब्रेक दाबला. भाजीच्या पिशवीतले बटाटे सीटखाली घरंगळत गेले. समोर, अगदी बंपरला लागून म्हणावा असा, एक सायकलवाला पाय टेकून उभा होता. त्याने नुसतं आईकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," आई म्हणाली. घरी पोचेपर्यंत मुलीने झडप हाताने धरून ठेवली.

घरात शिरल्या शिरल्या आईने सांगून टाकलं.

"बाबा, सोमवारपासून गाडी खाली उभी राहणार. मी बसने जाईन."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "झडपेपायी? अगं, नवीन बसवून घेऊ."

"विचारलं ना मी दुकानात, ती सैल व्हायला लागली तेव्हाच. तो म्हणाला, ताई, ही गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला. तुम्हाला झडप मिळाली तर मलाच कळवा, माझं आणखी एक गिऱ्हाईक बसलंय वाट बघत. आणि परदेशातून मागवायची तर त्यापेक्षा अर्धी गाडी विकत घ्या."

मुलगी बटाटे टोपलीत ठेवत होती, ती थांबली. बस म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. मागे गाडी बंद पडली होती तेव्हा आई बसने जायची. दोनदा बस बदलून ती परत यायची तेव्हा मुलगी झोपलेली असायची, आणि सकाळी मुलीला जाग यायच्या आत ती गेलेली असायची. त्या दिवसांत आई म्हणजे ओट्यावरचा धुतलेला कप होता.

"मागवायचं कशाला? मी करतो," आजोबा म्हणाले. "मागच्या वेळी मीच केली होती. एवढी वर्षं टिकली की नाही?"

"आता घरातली माणसंही चिकटवून ठेवा," आतून आजी म्हणाली.

"हस तू. पण माझ्या गोंदाने तोंड बंद केलं होतं सगळ्यांचं."

"सगळ्यांचं कुठे? तुमचं राहिलंच की."

आजोबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता: नकाशा आणि गोंद. चपलेपासून चष्म्यापर्यंत घरातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी त्यांच्या गोंदाखालून गेली होती, आणि पुष्कळशा पुन्हा सुटल्या होत्या. झडप तेवढी सुटली नाही. म्हणून तिची कथा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. आधी गोंद जरा कच्चा होता, झडप थोडी लटकायची. मग आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होते. परत येऊन बघतात तर झडप दगडासारखी घट्ट. "गोंद मुरावा लागतो," असं म्हणून ते गोष्ट संपवत. आजी त्या वेळी पाहुण्यांना चहा हवा का ते विचारत असे.

रविवारी सकाळी दोघं कामाला लागली. मुलीने टॉर्च धरला, आजोबांनी छतातले स्क्रू काढले आणि झडप दांडीसकट जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. खाली जुनं वर्तमानपत्र, बाजूला ब्लेड, पक्कड आणि गोंदाच्या दोन नळ्या, शस्त्रक्रियेची मांडावीत तशी हत्यारं.

"बोट दे," आजोबा म्हणाले.

तिने बोट पुढे केलं. त्यांनी ते मुठीत धरलं.

"आता फिरव."

"फिरतंय. पण जड जातंय."

"तुझं बोट म्हणजे ही दांडी, माझी मूठ म्हणजे झडपेच्या पोटातला चिमटा. मूठ घट्ट, तर झडप ठेवाल तिथे राहते. आता?" त्यांनी मूठ सैल केली.

बोट सुळकन फिरलं.

"म्हणजे तिची मूठ सुटलीय," मुलगी म्हणाली.

"शाब्बास. चिमट्याभोवती प्लास्टिकची खोबण असते. ती फुटली की मूठ सुटते. आपण खोबण पुन्हा चिकटवायची. बस, एवढंच."

त्यांनी ब्लेड घेतलं, झडपेची कड उजेडात धरली आणि ते थांबले.

"हे काय? शिवण?"

कडेने बारीक राखाडी टाके होते. कापडाच्या रंगाशी इतके मिळते की हाताला लागत होते, डोळ्यांना दिसत नव्हते.

"मी तर कड चिकटवली होती," आजोबा म्हणाले. "शिवली नव्हती."

"कंपनीची असेल."

"असेल," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. त्यांनी एकेक टाका कापला आणि कापड उलगडलं.

आत खोबण होती. खोबणीवर आजोबांचा गोंद होता, पिवळा पडलेला, मोठा थोरला गोळा. त्या गोळ्याच्या मधोमध आरपार तडा गेलेला होता आणि तड्यात जुनी धूळ भरली होती. गोंद काल तुटलेला नव्हता. तो कधीच तुटला होता.

आणि त्या सगळ्यावरून दोरा गुंडाळलेला होता. जाड, मेण लावलेला दोरा, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक कुठेही नाही. गोंद खरवडून टाकलेला नव्हता. आहे तसाच ठेवून, त्याला पोटाशी धरावं तसा, दोरा त्याच्यावरून फिरवला होता. इतकी वर्षं काचेशी तापून तो आता ठिसूळ झाला होता आणि एका जागी तुटला होता. शेवटची गाठ मात्र शाबूत होती.

मुलीने टॉर्च जवळ नेला.

"आजोबा, ही तर छत्रीची गाठ आहे."

ती गाठ तिला पक्की माहीत होती. आजीने उमेदीची सगळी वर्षं छत्र्यांच्या कारखान्यात काढली होती. काडीच्या टोकाला कापड बांधतात ती ही गाठ: दोरा दुहेरी करून फिरवायचा आणि त्याचं शेपूट वेढ्यांच्या पोटात दडवायचं, म्हणजे वाऱ्याला धरायला काही मिळत नाही. घरातल्या प्रत्येक छत्रीला ती होती. मुलीला ती पावसाळाभर बसून शिकावी लागली होती.

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग पुन्हा काढला.

"दवाखान्यात होतो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "चार दिवस."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मुलीने तोंड उघडलं, पण आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते कितीतरी वेळ त्या वेढ्यांवरून नख फिरवत राहिले. त्यांना किती पाहुणे आठवत असतील, असं मुलीच्या मनात आलं आणि तिला हसू आलं. पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

"जा," शेवटी ते म्हणाले. "आजीला विचार, छत्रीचा दोरा आहे का थोडा. कशाला ते सांगू नकोस."

आजी भांडी पुसत होती. मुलीने दोरा मागितला. आजीने कशाला म्हणून विचारलं नाही. हात पुसून तिने कपाटातून सुयांचा पत्र्याचा डबा काढला, दोऱ्याचं रीळ आणि मेणाचा खडा मुलीच्या हातात दिला.

"मेण लावल्याशिवाय गुंडाळू नका म्हणावं. आणि ओढताना घाई नको."

तो डबा पाहिला आणि मुलीला एकदम काहीतरी आठवलं. पंधरवड्यापूर्वीची दुपार. आजी खाली उभ्या असलेल्या गाडीत एकटीच बसली होती, मांडीवर हाच डबा घेऊन. मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. "इकडे ये गं," आजीने हाक मारली होती, "जरा सुई ओवून दे." "आले!" असं मुलगी म्हणाली होती. मग मैत्रीण आली होती. पुष्कळ वेळाने ती वळून बघते तर आजी जिना चढून वर जात होती. "ऊन खात बसले होते," असं ती आईला सांगत होती.

मुलगी रीळ हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय गं? अजून काय हवंय?"

"काही नाही," मुलगी म्हणाली.

आजोबांना वेढे जमेनात. नकाशावर नद्या काढणारा हात तो, पण दोरा घसरून एकावर एक चढायचा. दोनदा उलगडून झाल्यावर त्यांनी झडप उचलली आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मुलगी मागोमाग.

"जरा बोट ठेवतेस का इथे?" ते आजीला म्हणाले.

आजीने झडपेकडे पाहिलं. उघडं कापड, तडकलेला गोंद, तुटलेला जुना दोरा, सगळं समोर होतं. तिने आजोबांकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून ती बसली आणि तिने बोट ठेवलं.

"तू गुंडाळ," ती मुलीला म्हणाली. "यांच्या हाताला गोंदाची सवय. शेजारी शेजारी घे. हं. ओढ. अजून. दोरा कुरकुरला पाहिजे."

मुलीने ओढलं. दोरा कुरकुरला. वेढे संपल्यावर आजीने टोक आपल्याकडे घेतलं आणि डोळे चक्क खिडकीबाहेर ठेवून, नुसत्या बोटांनी, छत्रीची गाठ मारली. आजोबा उभे राहून बघत होते. गाठ पुरी झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"मागच्या वेळी गोंद फारच छान मुरला होता," ते म्हणाले.

"हवा चांगली होती," आजी म्हणाली.

"हवेचे आभार मानायचे राहिले माझे."

"हवेला काय त्याचं? ती आपली वाहते." आजीने पदराने कपाळ टिपलं. "आणि तुम्ही किती रंगवून सांगायचात. मलाही ऐकायला बरं वाटायचं."

आता कड शिवायची होती. आजीने सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. "उजेड कसला मेला," ती पुटपुटली. खिडकीतून ऊन भरभरून आत येत होतं.

मुलीने तिच्या हातातून सुई हळूच काढून घेतली आणि ओवून परत दिली. आजी "हं" म्हणाली. कड शिवताना मात्र तिला उजेडाची गरज लागली नाही. टाके आपल्या वाटेने जात राहिले.

संध्याकाळी आजोबांनी झडप छतात बसवली आणि सगळेजण गाडीत बसले. आजी पुढे, आईच्या शेजारी. आईने मुद्दाम तोच रस्ता धरला, तेच वळण. सूर्य समोर आला. आईने झडप अर्धी खाली ओढली आणि हात काढून घेतला. गाडी एका खड्ड्यातून गेली, मग दुसऱ्या. झडप ठेवली तिथेच राहिली. आईच्या डोळ्यांवर सावलीची पट्टी पडली होती आणि तिच्या खालचं तोंड हसत होतं.

"वा, बाबा! या वेळी लगेच मुरला गोंद?"

मुलीने आजोबांकडे पाहिलं. एवढी चांगली संधी त्यांच्या हातून कधी सुटली नव्हती.

"गोंद नाही," आजोबा म्हणाले. "काम करणारी तुझ्या शेजारी बसलीय. मागच्या वेळचंही तिचंच होतं. मला आज कळलं."

आईने चटकन डावीकडे पाहिलं. आजी काचेबाहेर बघत होती.

"रस्त्याकडे लक्ष दे," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने मागे न बघता हात सीटमागे नेला, आणि आजोबांनी तो धरला. आई उद्या कुठल्या वेळेला येईल ते मुलीने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

घरी आल्यावर आई आणि आजोबा झडपेबद्दल बोलत राहिले, आजी चहाला लागली. मुलगी कपाटापाशी गेली. तिने पत्र्याचा डबा काढला, रिळं काढली आणि खिडकीशी जाऊन बसली. एका सुईत तिने पांढरा दोरा ओवला, दुसरीत काळा, तिसरीत राखाडी. प्रत्येक दोरा हातभर लांब तोडला, टोकाला गाठ मारली आणि ओवलेल्या सुया उशीत ओळीने टोचून ठेवल्या. शेवटची सुई सगळ्यांत बारीक होती. तिचं नेढं मुलीलासुद्धा नीट दिसेना. दोरा डावीकडून गेला, मग उजवीकडून.

तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई मावळत्या उजेडापुढे धरली, आणि पुन्हा ओवायला घेतलं.