अर्धा कोयता

सहादेवनं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी काय टाकल्या, सकाळी विमानतळाच्या गेटावर पोलिसांची जीप हजर! आता बोला.

ओळी अशा होत्या : 'उद्यापासून अर्धा कोयता चालनार न्हाई. पूर्ण कोयता आसंल तरच इमानाला हात लावायचा.' ग्रुप लोडर लोकांचा, विमानात बॅगा चढवणाऱ्यांचा. पण सुपर्ण एअरचे नवे मॅनेजर त्रेहान साहेबही त्यात होते. माणूस गुडगावचा, मराठीशी छत्तीसचा आकडा, कळायची तीही अर्धीमुर्धी. त्यांनी मोबाईलला अर्थ विचारला. मोबाईल म्हणाला, कोयता म्हणजे ऊस तोडायचं धारदार हत्यार. झालं! विमान, हत्यार आणि तेही उद्या. साहेबांची पाचावर धारण बसली, त्यांनी थेट ठाण्यात फोन लावला.

फौजदार गर्जे निघाले पाथर्डीकडचे. त्यांनी मेसेज वाचला, सहादेवकडं पाहिलं आणि पोट धरून हसायलाच लागले.

"अहो साहेब, आमच्याकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. जोडीतलं एकच माणूस असलं तर तो अर्धा कोयता. हा गडी एवढंच म्हणतोय, की कामाला दोघं द्या. यात कसली केस करू मी?"

जीप गेली. पण ज्याचं हसं होतं, तो आधी शहाणा होत नाही, आधी चिडतो. त्रेहान साहेबांचे कान लालबुंद झाले होते.

खरं सांगायचं तर साहेबांच्या हातातही काही नव्हतं. कंपनीलाच उतरती कळा लागलेली. शिर्डीजवळच्या या माळावर विमानतळ झालं तेव्हा सुपर्णचा काय थाट होता! दिवसभर विमानांची ये-जा, पोरांना नवे बूट, कॅन्टीनचा गरम चहा. मग विमानं कमी झाली. चहा बंद झाला. बॅगा वर चढवणारी पट्ट्याची गाडी भाड्याची होती, तीही परत गेली. कुठं काटकसर करायची म्हटलं की हेड ऑफिसचा हात पहिल्यांदा खालच्याच माणसाच्या ताटात जातो, मेला. चार लोडर होते, दोन ठेवले. पाळीला एक. कोल्हारचा आमोस घरी बसला. सहा वर्षं सहादेवची त्याच्याशी जोडी होती. आमोस खालून बॅग द्यायचा, सहादेव विमानाच्या पोटात गुडघ्यावर बसून ती रचायचा.

"मेसेज डिलीट कर," साहेब हिंदीत म्हणाले, "आणि कामाला लाग. नाहीतर पास इथं ठेव आणि घरी जा."

पास म्हणजे गळ्यातलं ते कार्ड. ते गेलं की गेटाच्या आत पाऊल नाही, आणि घरी दोन पोरी शिकत होत्या. सहादेवला ते कळत नव्हतं असं नाही. पण डोकं तापलं होतं.

त्यालाही कारण होतं. तो अकरा वर्षांचा असताना ऊस तोडणारा बाप फडातच साप चावून गेला. तेरावं झालं आणि मुकादम त्याच्या आईला म्हणाला, "चांगुणा, अर्धा कोयता मला नको." चांगुणानं दुसऱ्या दिवशी पोराला शाळेतून काढलं आणि उसात उभं केलं. कोयता पूर्ण झाला. पोराची शाळा सुटली ती कायमची. तेव्हापासून 'अर्धा' म्हटलं की सहादेवच्या मस्तकात तिडीक जायची.

"साहेब," तो म्हणाला, "कागदावर मानूस अर्धा व्हतो, काम अर्धं व्हत न्हाई. ऱ्हायलेलं अर्धं कुनाच्या तरी पाठीवर बसतंच. माज्या आयचं अर्धं मी उचललं, अकरा वर्साचा आसताना. आता मी कुनाच्या वाटचं उचलनार न्हाई आन् कुनाला उचलू देनार न्हाई. घ्या तुमचा पास."

त्यानं पास काढून साहेबांच्या हातात ठेवला. दुसऱ्या पाळीचा लोडर श्रीमंत मजा बघायला आला होता. त्यानंही आपला काढून वर ठेवला. "माजाबी धरा," म्हणाला. गेटाच्या जाळीबाहेर आमोस मोटारसायकलवर बसून सगळं बघत होता. "आरं येड्यांनो, माज्यापायी नका!" तो ओरडला.

"तू गप ऱ्हा!" दोघंही एकदम म्हणाले.

इकडं हैदराबादचं पंख्याचं विमान येऊन उभं राहिलेलं. उतरलेल्या प्रवाशांनी आपापल्या बॅगा स्वतःच विमानातून ओढून नेल्या, पण जाणाऱ्यांच्या बॅगांची ट्रॉली तशीच उन्हात. पायलट घड्याळ दाखवायला लागला.

"इसमें है क्या?" त्रेहान साहेब उसळले. "मैं दिखाता हूँ!" कोट काढला, टाय खांद्यावर टाकला आणि लागले कामाला.

पहिल्या चार-पाच बॅगा झोकात गेल्या. खालून दारात ढकलायच्या, शिडीनं वर चढायचं, आत रांगत जाऊन रचायच्या, पुन्हा खाली. मग साहेबांनी हुशारी केली. फेऱ्या वाचवायला एकदम ढीगभर बॅगा दारात चढवल्या, त्यांच्यावरून सरपटत आत शिरले आणि आतून ओढायला लागले. तोवर ढीग कलंडला आणि दारच बुजलं. साहेब आत, बाहेर निम्मी ट्रॉली. बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली. मग फटीतून एक घामेजलेला चेहरा दिसला.

"सहादेव... पकड ना यार."

पास दिला तरी सहादेव अजून गेटाच्या आतच होता. तो दाराजवळ गेला. हात मात्र त्यानं पाठीमागं बांधले.

"पकडतो की. आधी फोन लावा वरती. आमोसला परत घ्या म्हनून सांगा. तवर मी कशालाच हात लावत न्हाई."

"पहले बाहर तो निकालो!"

"न्हाई. आतूनच लावा."

साहेबांनी शिव्या दिल्या. सहादेवनं निवांत ऐकून घेतल्या. पायलटही खाली उतरून येऊन उभा राहिला. शेवटी बॅगांच्या आड मोबाईलचा उजेड दिसला. हेड ऑफिसचा मोठा साहेब पलीकडून इतका ओरडत होता, की बाहेरसुद्धा आवाज येत होता. त्रेहान साहेब दोनदा काही बोलायला गेले आणि दोनदा थांबले. तिसऱ्यांदा मात्र त्यांचाही आवाज चढला.

"नहीं सर, किसी ने धमकी नहीं दी. मैंने खुद करके देखा है, ये अकेले आदमी का काम नहीं. आमोस को वापस लेना पड़ेगा."