प्याल्याची दुसरी कड

गोळी पांढरी होती, कोटाच्या बटणाएवढी, कडेला किंचित चुरलेली. काळ्या हातमोज्यावर ती होती त्याहून पांढरी दिसत होती — आणि पाळक व्यासपीठावर चढले, घसा खाकरून उपदेशाचे पहिले वाक्य बोलू लागले, तरी आजूबाजूला कागदाची कुरकुर कशी होत नाही, याचे क्रीनाला आजही नवल वाटले. गावी या क्षणी सारे चर्च कुरकुरायचे. खिशाखिशांतून पेपरमिंटच्या सुरळ्या निघायच्या, बापाकडून आईकडे, आईकडून पोरांकडे, बाकाच्या टोकाला बसलेल्या परक्याकडेसुद्धा गोळी सरकायची, आणि मग एकदम शांतता... पुदिन्याच्या वासाची, गालात धरून ठेवलेली शांतता. इथे कोणी बाटलीतून पाणी पीत होते, कोणी पोराला केळे सोलून देत होते, मागचे दार उघडतच होते, आणि उशिरा येणारे लोक उशिरा आल्याची लाज न बाळगता हात हलवत, हसत, ओळखीपाळखीच्या बाकांवर स्थिरावत होते. देवाच्या घरात की बाजारात... तिने गोळी शेजारच्या मुरिएलबाईंपुढे धरली.

मुरिएलबाईंनी ती घेतली. दर रविवारी घेत असत. सुरिनाममधल्या पारामारिबोहून तरुणपणी आलेल्या, घराघरांतून म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करून निवृत्त झालेल्या या धिप्पाड बाईंशी क्रीनाचे आजवर जे काही बोलणे झाले होते ते या गोळीपुरतेच. पण आज त्यांनी गोळी तोंडात टाकली नाही. मुठीत धरली आणि मूठ मांडीवर ठेवून त्या ऐकत राहिल्या. क्रीनाला ते लागले. लागू नये इतके लागले. या शहरात फार लहान गोष्टी लागतात, कारण मोठे काही लागावे इतके कोणी जवळ येतच नाही.

रॉटरडॅमला ती आली ती नवरा मारिनुस गेल्यावर, धरणाकाठचे घर विकून, लेकीच्या जवळ राहायचे म्हणून. लेना दोन ट्रामथांबे पलीकडे राहत होती आणि दोन समुद्र पलीकडे असल्यासारखी वागत होती. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, आई, तुझं देवाचं तू बघ, मला त्यात ओढू नकोस. तेव्हा देवाचे क्रीना एकटीच बघत होती. तिच्या पंथाचे या भागातले चर्च केव्हाच बंद झाले होते. त्याच्या उंच खिडक्यांमागे आता लोक राहत होते, आणि जिथे व्यासपीठ होते तिथे म्हणे कोणाचे तरी स्वयंपाकघर होते. उरलेली मंडळी नदीपलीकडे जमत असे, पण तिथे बसने जावे लागले असते, आणि रविवारी बसमध्ये बसायचे म्हणजे विश्रामाच्या दिवशी ड्रायव्हरला आपल्यासाठी राबवायचे. झीलंड प्रांतातल्या बेटावर वाढलेल्या बाईकडून ते होणे नव्हते. म्हणजे चालत जाता येईल तेवढाच देव तिच्या वाट्याला उरला होता. तो तिने शोधला — एका गोदामात, जिथे ढोल वाजत होते आणि एका अनोळखी माणसाने तिला मिठी मारली होती. एका शाळेच्या व्यायामशाळेत, जिथे भिंतीवरच्या शिड्यांकडे पाहत तिने डोळे मिटून घेतले होते. आणि शेवटी इथे, या विटांच्या जुन्या इमारतीत, जिथे निदान बाक लाकडाचे होते, ऑर्गन होता आणि स्तोत्रांची चाल ओळखीची होती. एवढ्यावर ती येत राहिली होती. आवडीने नव्हे. बाकीचे सारे तिला डाचत होते — ते आधीचे गप्पाष्टक, नंतरची कॉफी, पुढच्या रांगेतल्या घानाच्या बायकांची ती रंगीत उंच शिरोभूषणे... तिच्या डोक्यावर निळी टोपी होती, आईची होती तशीच, आणि त्या टोपीखालून ती सगळ्यांकडे पाहत असे, दुकानातला खोटा माल पाहावा तशी.

तरीही जागा हवी होती. हे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणत नसे. रिकामी दिसली तर कोणीतरी विचारील अशी एक जागा. आणि आपण गेल्यावर, दफनाच्या वेळी, ज्यांना काय गायचे ते सांगावे लागणार नाही अशी चार माणसे.

आज दारातून आत येतानाच समोरच्या मेजावर पांढरे कापड तिला दिसले होते. प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी. आठवडाभर आधी सूचना नाही, तयारीचा उपदेश नाही, काही नाही; जणू कोणाच्या घरी चहाला बसायचे होते. परत फिरावे असे क्षणभर वाटले होते, पण मग तिने स्वतःला समजावले — आपल्याला काय, आपण नेहमीप्रमाणे बाकावर बसून राहू. ती आयुष्यभर बसून राहिली होती. गावी चर्च भरलेले असे, आणि त्या भरलेल्या चर्चमधून उठून मेजाशी जाणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. म्हातारी, वाकलेली, रडून रडून डोळे निवलेली माणसे, ज्यांना आतून कळले होते की देवाने आपल्याला निवडले आहे. बाकीच्यांना तसे कळले नव्हते. बाकीचे पाहत. अपात्र माणसाने ती भाकर खाल्ली तर तो आपलीच शिक्षा चावून खातो, हे तिला पावाला लोणी लावता येण्याआधी ठाऊक झाले होते. तिचे वडील न घेता गेले. मारिनुसही. एका रविवारी मात्र — लेना तेव्हा पाळण्यात होती — पाळकांनी बोलावणे केले आणि मारिनुस बाकावरून अर्धवट उठला. बाक करकरला. मग तो खाली बसला, कोटाची टोके सारखी केली, आणि समोर पाहू लागला. तिनेही समोर पाहिले. तो मेजाकडे जायला उठला होता, की फक्त कोट सारखा करायला... घरी आल्यावर तिने सूप वाढले. नंतर इतकी वर्षे एका छताखाली काढली, आणि ते विचारायला कधी सवड झाली नाही.

उपदेश संपला होता. ऑर्गन हळू वाजत होता. आणि मेजाकडे कोणी चालत जाईना — हे तिच्या उशिरा लक्षात आले. उलट मेजच रांगांतून येऊ लागले. ताटली एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येकजण शेजाऱ्याला देत होता, पोरेसुद्धा. आणि ती आपल्या रांगेत शिरली आहे, मुरिएलबाईंनी तुकडा घेतला आहे, ताटली आपल्यापुढे आहे, हे तिला समजेपर्यंत तिच्या हातांनी ती गरम भांडे सरकवावे तशी पलीकडे सरकवून दिली होती. पलीकडे कोर होता, बंदरावर क्रेन चालवलेला, या भागातच जन्मलेला म्हातारा. त्याने भुवया उंचावल्या आणि तुकडा घेतला. मुरिएलबाईंनी मान वळवून पाहिले. फक्त पाहिले.

मग प्याला आला.

तो मोठा होता, चांदीचा, आणि मुरिएलबाईंनी पिऊन झाल्यावर तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "तुमच्यासाठी," त्या हळूच म्हणाल्या, इथे म्हणायची रीत होती तसे. क्रीनाचे हात मांडीवरून हलले नाहीत. तिने नकारार्थी मान हलवली. रांग थांबली. मागे कोणाचा तरी श्वास ऐकू आला.  मग मुरिएलबाईंनी प्याल्याबरोबर फिरणारे, मनगटावर टाकलेले पांढरे फडके घेतले, प्याल्याची कड पुसली — सावकाश, नीट, आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडे पुसली त्या हाताने — आणि प्याला फिरवून, जिथे त्यांचे ओठ लागले नव्हते ती दुसरी कड तिच्याकडे करून, पुन्हा पुढे धरला.

तिला कळले. तेव्हाच, लख्ख कळले, की या बाईला काय वाटले आहे. आणि तोंड उघडून, नाही हो, ते नाही, असे म्हणायला एक श्वास पुरला असता. पण ती पुन्हा मान हलवत राहिली, थांबता न येणाऱ्या बाहुलीसारखी. शेवटी मुरिएलबाईंनी तिच्या अंगावरून हात लांब करून प्याला कोरला दिला, आणि कोर घोट घेण्याआधी तिच्या टोपीशी वाकून कुजबुजला, "झीलंडबाई, विष नाही त्यात. द्राक्षाचा रस आहे, तोही स्वस्तातला."

कोणीतरी मागे हसले. शेवटचे स्तोत्र तिने ओठ मिटून ऐकले.

ती कॉफीला थांबत नसे. आज थांबली, कारण न थांबणे म्हणजे पळणे झाले असते. बाजूच्या दालनात लांब मेजावर आल्याचा केक कापून ठेवला होता, आणि मुरिएलबाई त्याच्या पलीकडे उभ्या होत्या, दोन बायकांशी बोलत. तिला पाहताच त्या दोघी कपांतले ढवळायला लागल्या. क्रीनाने पुढे होऊन सांगायला सुरुवात केली. गावातून येताना, ट्रकमध्ये कपाटांच्या शेजारी बसून, तिने या शहरात बोलायची बरीच वाक्ये जुळवली होती, पण त्यांत हे नव्हते. ती म्हणाली की तिच्याकडे तशी रीत आहे, की ते सगळ्यांनी घ्यायचं नसतं.

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?" मुरिएलबाईंनी विचारले.

"मी," क्रीना म्हणाली. "मी घ्यायचं नसतं."

"कोणी ठरवलं हे?"

 ते ठरवलेले होते, पूर येऊ नये म्हणून बांध असतो तसे. तो कोणी घातला हे कोण विचारतो... तिने पुन्हा मान हलवली, आणि ते मान हलवणे समोरच्या चेहऱ्यावर कसे पोचते आहे हे तिला दिसत होते. मुरिएलबाईंनी आवाज चढवला नाही. त्या सांगत गेल्या की या शहरात त्यांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, आणि दार उघडल्यावर त्यांचा काळा चेहरा पाहून ज्यांची आंघोळच रद्द व्हायची अशा बायका त्यांनी भरपूर पाहिल्या. एकीनेही खरे कारण सांगितले नाही. आज अंग कणकणतंय, म्हणायच्या. हा साबण सोसत नाही, म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी जायची, तिला तोच साबण चालायचा.

"त्यांना साबण सोसायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय, देव सोसत नाही?"

शेजारी कॉफी घेत उभा असलेला कोर ते ऐकून हसणार होता, हसला नाही. मुरिएलबाईंनी कोटाच्या खिशात हात घातला आणि ती गोळी काढली. "भाकर घ्यायच्या आधी तोंडात काही नको म्हणून ठेवली होती. घरी जाताना खाल्ली असती." त्यांनी ती क्रीनाच्या तळहातावर ठेवली. "तुमच्या हातचं मी दर रविवारी खाल्लं, क्रीनाबाई. पुसून नाही घेतलं."

ती चालत घरी आली. ट्राम तिच्या शेजारून जात होत्या, रिकाम्या, उजळलेल्या, तिने न चढलेल्या. दुकाने उघडी होती, एका दारातून कोंबडी भाजल्याचा वास येत होता, आणि तिला राग येत होता. आधी मुरिएलबाईंचा आला. काय माहीत आहे त्यांना — ज्या गोष्टीपुढे माझे वडील थरथरले ती तुम्ही केकसारखी वाटता, आणि वर मलाच... मग त्या फडक्याचा राग आला, त्या पुसण्यातल्या सावकाशपणाचा. हे सारे खरे होते. तिने घेतले नाही ते भीतीने घेतले नाही, देवाच्या, हे देवासमोर खरे होते. पण पुलावर वारा लागला आणि टोपी धरायला तिने हात वर केला, तेव्हा दुसरे काहीतरी वर आले. प्याला समोर आला त्या पहिल्या क्षणी मी काय पाहिले? देव पाहिला का? मी अंगठा पाहिला. चांदीवर दाबलेला रुंद, काळा अंगठा, त्याचे फिकट नख... आणि कडेवरचा तो ओलावा. त्यानंतर भीती आली. की आधी भीती आली आणि अंगठा नंतर? ती पुलावर उभी राहिली. तो क्षण तिने पुन्हा पुन्हा समोर आणला, आणि दर वेळी तो निराळ्या क्रमाने आला. बाक करकरतो, मारिनुस उठतो, मारिनुस कोट सारखा करतो. आत काय होते ते करकर सांगत नाही. आणि गावच्या त्या पांढऱ्या मेजाशी न जाणारी सगळी माणसे, मान खाली घालून बसलेली, ती सगळी देवालाच भीत होती कशावरून... शेजाऱ्यालाही भीत असतील. उठलो तर हा काय म्हणेल, कालपर्यंत बटाटे तोलताना काटा मारणारा, आज निवडलेला झाला का.

असे तिने कधी मनात आणले नव्हते. आणले आणि आकाश कोसळले नाही, याचाच तिला संताप आला.

घरी कालच करून ठेवलेले सूप होते. ते तिने गरम केले नाही. कॉफी केली, आणि कपाटातल्या कपाकडे हात गेला तो मागे घेतला. रविवारी भांडी विसळायची नसत, मग एक कप आणखी कशाला खराब करा. सकाळचाच मोरीतून उचलला. त्यात कॉफी ओतली. लेनाला फोन करावासा वाटला, आणि काय सांगायचे ते सुचेना. की आज माझ्यावर एक बाई रागावली? लेना म्हणेल, मग नको जाऊस तिथे. पण तेच तर... गावी माणसे रागवायची ती आपल्यातल्यावर. परक्यावर कोणी रागवत नसे, परक्याला हसून वाट दाखवत. या शहरात आल्यापासून सगळे तिला हसून वाट दाखवत होते. आज पहिल्यांदा कोणीतरी तिचे नाव घेऊन रागावले होते. नाव माहीत होते त्यांना. पुढच्या रविवारी मी त्याच बाकावर बसणार, तिने ठरवले, आणि ते ठरवण्यात प्रेम नव्हते, क्षमा नव्हती, नुसता हट्ट होता, दात आवळून धरलेला. हलू दे त्यांना हवे तर. आणि पुन्हा ते कापड दिसेल, पुन्हा तो प्याला येईल, तेव्हा... तेव्हाचे तिला ठाऊक नव्हते.

गोळी मेजावर होती. तिला कोटाच्या खिशातला बारीक धागा चिकटला होता.

तिने कप उचलला. कडेवर सकाळचा डाग होता, तपकिरी, वाळलेला, तिच्याच ओठांचा. आणि तो दिसताच तिच्या बोटांनी, तिला न विचारता, कप फिरवला, दुसरी कड पुढे केली. मग ती थांबली. कप ओठांपासून वीतभर अंतरावर राहिला. खाली ट्राम घंटा वाजवत वळली. ती त्या दोन कडांकडे पाहत राहिली, आणि कॉफी निवत गेली.